टेकडीवर बातमी नेऊ नये

लातूर, १४ डिसेंबर

आपा,

सलाम. हॉस्टेलचं पाणी अजून बेचव आहे, वॉर्डनबाई अजून तशाच आहेत आणि मी अजून पळून आलेले नाही. फोन जमा. रविवारी बाईंच्या फोनवरून पाच मिनिटं, तीही मागची मुलगी पाठीत बोट टोचत असताना. म्हणून ही पत्रं. पत्र फक्त दहावीच्या मराठीच्या पेपरात लिहितात, असं शेजारची हेतल म्हणायची ना? तिला सांग, नीटची तयारी करायला लातूरला ये, पोस्टाची पेटी काय असते ते समजेल.

आपण दोघी आळीपाळीने लिहितो ती गोष्ट मी पुढे नेली आहे. तू नावं विसरतेस म्हणून थोडक्यात: समुद्र वर चढलाय, शहर बांधाआड खाली आहे. घरटी एक माणूस रोज बांधाला चिखल लिंपायला हवंच, नाहीतर पाणी आत. जी मुलं 'पारख' पास होतात ती टेकडीवर कायमची राहायला जातात. तिथे कोरडं आहे, शाळा आहे, औषधं आहेत. रुही पारखीच्या तयारीला टेकडीवर गेलीय. तिच्या वाटणीचा चिखल तिची मोठी बहीण मेहर लिंपते. (मेहरला तुझं नाक दिलंय. राग मानू नकोस.)

आता मी नवा कायदा घातलाय. टेकडीवर बातमी नेऊ नये. तयारी करणाऱ्या मुलांना खालचं काहीही कळवायचं नाही. कोण बुडालं, कोण गेलं, काही नाही. मन खचतं म्हणे. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला, म्हणजे चांगला असणार. हेतलने दिलेल्या सगळ्या पुस्तकांत असा एक तरी दुष्ट कायदा असतो, आणि जगाचं वाटोळं झालेलं असलं तरी ते निस्तरायला सोळा वर्षांची पोरगीच लागते. मोठी माणसं काय करतात कोण जाणे.

पुढचं प्रकरण तुझं. अब्बांचा निरोप असला तर कळव. इथून दोहाला फोन लावू देत नाहीत.

तुझी,
हादिया

&nbsp;

पनवेल, २२ डिसेंबर

हादी,

नाक पावलं. मेहरने ते मुरडलंही.

इथे सगळं चालू आहे तसं चालू आहे. मी सकाळी कॉलेज, संध्याकाळी कामोठ्याला क्लासमध्ये आठवीच्या पोरांना बीजगणित. कालच एकाने विचारलं, "मॅडम, एक्सची किंमत दर वेळी का बदलते?" मी म्हटलं, महागाई. अम्मीने तुझ्यासाठी करंज्यांचं खोबरं आतापासून हेरून ठेवलंय. फेब्रुवारीत ती तुझ्याकडे येणार म्हणजे येणार. मी सोबत येते म्हटलं तर म्हणते, "तुजी काय गरज हाय? मी काय लातूर पाह्यला नाय?" पाहिलेलं नाहीच.

अब्बांचा निरोप: "जेवत जा. पहिल्या बाकावर बस." संपलं. दोहाला मजुरांच्या कॅम्पच्या मेसमध्ये रोज शेकडो माणसांचं रांधणारा माणूस, बोलायला आला की चमचाभर वाढतो. मी म्हटलं, अब्बा, आणखी काही? तर म्हणाले, "आणखी काय?"

प्रकरण सोबत आहे. तुझा कायदा मला आवडला नाही. पण मेहरला आवडो न आवडो, पाळावा लागतो, म्हणून पाळलाय.

नशरा

&nbsp;

लातूर, २ जानेवारी

आपा,

टेस्ट वाईट गेली. वाईट म्हणजे मी आधी होते त्याच्याही खाली. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं तेव्हा सगळे म्हणाले, अजून एक वर्ष. हे ते वर्ष आहे. यानंतर कुणी अजून एक म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही.

काल खाटेखालून बॅग बाहेर काढली. नुसती काढली, भरली नाही. पण आता एक जरी वाईट बातमी आली ना, एक जरी, तर मी ती भरेन. खरंच सांगते. माझ्यात आता एवढंच उरलंय.

एक विचारू? अब्बांना मी आवडते का? हसू नकोस. गेल्या वर्षी निकाल सांगितला तेव्हा ते फोनवर "बरं" म्हणाले. रागावले असते तरी चाललं असतं. इथे शेजारच्या खाटेवरच्या रियाचे पप्पा तिला चिठ्ठ्या पाठवतात, "माझी वाघीण" वगैरे. आपल्याला जेवत जा. मी जेवतेच आहे. मला त्यांचं एक वाक्य पाहिजे आपा, भिंतीवर लावण्यासारखं. मग मी हे वर्ष काढीन.

हादिया

&nbsp;

पनवेल, १० जानेवारी
(हे टाकलं नाही.)

हादी,

अब्बा गेले.

काल सकाळी यासीनचाचांचा फोन आला. ते आणि अब्बा एकाच खोलीत राहायचे, तुला माहीत आहे. अब्बा फजरच्या नमाजला उठले नाहीत म्हणून त्यांनी हलवलं. झोपेतच. डॉक्टर म्हणाले हृदय. इकडे आणायचं तर कागदांना किती दिवस लागतील ते कुणी सांगेना. अम्मी म्हणाली, "त्यांना ताटकळत ठेवू नका. तिथंच माती द्या." आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली. जनाजा मी फोनवर पाहिला. गर्दीत यासीनचाचांचा फोन इतका हलत होता की अर्धा वेळ आभाळच दिसत होतं. अब्बा मला नीट दिसलेही नाहीत.

अम्मी इद्दतीला बसली आहे. आता चार महिन्यांच्या वर ती उंबरा ओलांडणार नाही. खालाने तिच्या बांगड्या उतरवल्या. एक निघत नव्हती, साबण लावावा लागला.

तू ये. लगेच निघ, मी मामूंना पाठवते. मला एकटीला हे

इथवर लिहिलं आणि थांबले, कारण तुझं पत्र समोर उघडं आहे. एक जरी वाईट बातमी आली तर.

अम्मी म्हणते, "पोरीला बोलव. बाप हाय तिचा. हक हाय तिचा." मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. ती म्हणाली, "तू इतकी मोठी कदी झालीस?" मला माहीत नाही मी कधी झाले. काल सकाळी झाले असेन.

&nbsp;

पनवेल, १३ जानेवारी

हादी,

आधी ती बॅग खाटेखाली ढकल. ढकललीस? आता पुढचं वाच.

टेस्ट असतातच वाईट जायला. रडतराऊत घोड्यावर बसला तरी घोडं चालतंच, तू फक्त उतरू नकोस. अम्मीची तब्येत जरा नरम आहे, गुडघा धरलाय. काळजीचं काही नाही.

आणि हे घे, तुझं वाक्य. अब्बांना मी तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले: "जी पोर पडून पुन्हा उभी राहते, तिच्यामुळे मी इथे मान वर करून चालतो." मी विचारलं, अब्बा, हे तुम्हीच बोललात? तर फोन ठेवून दिला.

गोष्टीत मी अडले आहे. खाली बांध फुटला, मेहरच्या घरात पाणी शिरलं, घरातलं एक माणूस गेलं. रुहीची पारख जवळ आली आहे. मेहरने तिला कळवावं का? कायदा बाजूला ठेव. मेहरला काय करावंसं वाटेल ते सांग. रुही तुझी आहे, तुलाच कळणार.

नशरा

&nbsp;

लातूर, २१ जानेवारी

आपा!

मी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून खाटेच्या वर लावलंय. रिया म्हणाली, तुझे अब्बा कवी आहेत का? मी म्हटलं, कुक आहेत. मी दोन वेळा रडले आणि मग भौतिकचे तीन धडे संपवले. अब्बा असं बोलू शकतात हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? त्यांना सांग की बॅग आत गेली. ढकलताना तिच्यावर पाय पण दिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मुळीच नाही! मेहरने कळवलं तर रुही टेकडीवरून धावत खाली येईल आणि दोघींचं सगळं मातीत. मेहरने ओठ शिवून घ्यावेत, दिवसा चिखल लिंपावा, आणि रुहीला सांगावं की घरी सगळं छान आहे. यालाच तर बलिदान म्हणतात. अशा पुस्तकांत नेमकं हेच पान मी दुमडून ठेवते. रुहीला नंतर कळेल तेव्हा ती बहिणीच्या पायाशी बसेल. तो प्रसंग मी लिहिणार, आताच सांगून ठेवते.

अम्मीच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक दे. फेब्रुवारीत येतेय ना ती?

हादिया

&nbsp;

पनवेल, १६ फेब्रुवारी

हादी,

अम्मीला येता येणार नाही. गुडघा. डॉक्टरांनी जिना चढू-उतरू नको म्हटलंय. करंज्या दाऊदमामू घेऊन येतील, ते कामाने लातूरला येत आहेत. (मामू फार बोलणार नाहीत, त्यांचा घसा बसलाय.) अम्मी रविवारी फोनवर रडली ते तुला भेटता येत नाही म्हणूनच. तुझ्या मार्कांचा त्यात काही संबंध नाही. तू प्रत्येक गोष्ट स्वतःच्या मार्कांवर नेतेस, ती सवय सोड.

अब्बांचा निरोप: "हादियाला सांग, तिच्या वयात मलाही शिकायचं होतं. ती शिकते तेव्हा माझंही होतं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून म्हणाले, "तिला थकू देऊ नको."

गोष्टीत मेहर कळवत नाही. तू म्हणालीस तसंच. पण एक सांगते, लिहायला सोपं नाही. ती बांधावर उभी राहते, चिखल लिंपते, शेजारची बाई विचारते रुही कशी आहे, आणि ही म्हणते, छान. तेवढा एक शब्द बोलायला तिला घोटभर पाणी प्यावं लागतं.

नशरा

&nbsp;

लातूर, १२ मार्च

आपा,

मी पहिल्या विसांत! बाईंनी स्वतः माझं नाव वाचलं. रोजे धरूनही. पहाटे सहरीला मी आणि उरणची एक मुलगी, दोघीच उठतो.

मला वाटतं हे सगळं अब्बांमुळे. खरंच. मी त्यांची वाक्यं क्रमाने लावली आहेत, आता तीन झालीत. "माझंही होतं" हे मला सगळ्यात आवडतं. आपा, मी इतकी वर्षं त्यांना चुकीचं ओळखत होते. मला वाटायचं त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्दच नाहीत. ते तर साठवत होते!

आता ऐक. मी बाईंना इतकं विनवलं की त्या म्हणाल्या, ईदच्या दिवशी दोहाला एक फोन लावून देईन. पाच मिनिटं पूर्ण! त्यांना सांग, ईदची नमाज झाली की फोन हातात धरूनच बसायचं. मी काय बोलायचं ते पाठ करते आहे. बहुतेक नुसतीच रडेन.

हादिया

&nbsp;

पनवेल, १६ मार्च
(स्पीड पोस्ट)

हादी,

घाईत लिहिते. अब्बांचा फोन बिघडला. मेसमध्ये पातेल्यात पडला, तुला माहीत आहे ते कसे वेंधळे आहेत. नंबर बंद आहे. ईदला तिकडे लावू नकोस, उगाच तुझी संधी वाया जाईल आणि मन खट्टू होईल. घरीच लाव. ते यासीनचाचांच्या फोनवरून माझ्याशी बोलतात, तेही कामाच्या वेळात. त्यांनी ईदी म्हणून तुला दुआ पाठवली आहे आणि म्हणाले, "भेट झाली की सगळं एकदम बोलू."

हे वाचून रुसू नकोस. थोडेच दिवस राहिलेत. अगं, थोडेच.

नशरा

&nbsp;

लातूर, २४ एप्रिल

आपा,

पुढच्या आठवड्यात परीक्षा. हे शेवटचं पत्र. तू मला न्यायला येणार हे ऐकून बरं वाटलं, अम्मी असती तर आणखी बरं वाटलं असतं. इतके महिने गुडघा? मी डॉक्टर झाले की पहिला तो गुडघा बघणार.

खालचा मजकूर अब्बांना वाचून दाखव. शब्द न शब्द, गाळू नकोस.

"अब्बा, सलाम. तुम्ही मला जे जे कळवलंत ते मला पाठ आहे. हॉलमध्ये बसताना मी ते मनात म्हणणार आहे. मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही. माफ करा. पास होवो न होवो, आता मला ते वाटत नाही. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते. तुम्ही या वेळी सुट्टीवर आलात की मी तुमच्या शेजारी बसेन. काही बोलला नाहीत तरी चालेल. तुमची हादिया."

वाचून झालं की ते काय म्हणाले ते भेटल्यावर सांग.

हादिया

&nbsp;

पनवेल, आतली खोली, ९ मे

आपा,

तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की ओरडावंसं वाटतं आणि अम्मी घाबरते. म्हणून लिहिते. अम्मी तुला बाहेर आणून देईल.

लातूरपासून पनवेलपर्यंत तू बसमध्ये माझ्या शेजारी बसलीस. मी तुला पेपर सांगत होते आणि तू संत्रं सोलून देत होतीस. मी विचारलं, अब्बा काय म्हणाले? तू म्हणालीस, घरी चल, सांगते. घरी आले. अम्मीला मिठी मारली. हाताला बांगड्या लागल्या नाहीत. मी विचारलं, अम्मी, बांगड्या कुठे? तिने हात पदराखाली घेतले. मला असं कळलं.

पेपर चांगला गेला. बहुतेक होईल माझं. तेच तर मला सहन होत नाही.

मामू म्हणतात नशराने काळजावर दगड ठेवला. खाला म्हणते अशी बहीण नशिबाने मिळते. घरात येणारा प्रत्येक जण तुझ्या डोक्यावरून हात फिरवतो. बरोबर आहे. चिखल तूच लिंपलास. पण मला कुणी विचारलं? चार महिने मी हसत होते आपा. रियाला करंज्या वाटत होते. माझे अब्बा मातीत होते आणि मी ईदला नवा ड्रेस घालून रांगेत उभी होते.

तू म्हणशील, तूच लिहिलंस की कळवू नये. ते मी रुहीबद्दल लिहिलं होतं! रुहीला मी बापच दिला नव्हता, गोष्टीत अडचण होते म्हणून. ती कागदावरची पोरगी आहे, तिला काहीही सोसतं. तू एकोणीस वर्षं माझ्यासोबत झोपलीस, तुला फरक कळला नाही? मी पायाशी वगैरे बसणार नाही. तो प्रसंग मी खोटा लिहिला असता.

सगळ्यात वाईट सांगू? रडायला बसते तर मला तुझी वाक्यं आठवतात. मान वर करून चालतो. माझंही होतं. मी त्या माणसासाठी रडते जो तू तयार केलास. तो फार छान होता. आणि माझे अब्बा, जे "बरं" म्हणायचे, ते मला आठवतच नाहीत, त्यांच्या जागेवर हा येऊन बसलाय. तू मला बाप गेल्याचं सांगितलं नाहीस हे मी कदाचित कधीतरी सोडून देईन. हे दुसरं नाही.

एकच सांग. माझ्यासाठी त्यांच्या स्वतःच्या तोंडचं शेवटचं काय होतं? खरं सांग. छान करू नकोस.

हादिया

&nbsp;

पनवेल, बाहेरची खोली, ९ मे

हादी,

छान करत नाही.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन आला होता. तुझं बॅगेचं पत्र मला नुकतंच मिळालं होतं आणि मी त्यांना सांगत होते की हादिया फार खचली आहे, तिला काहीतरी बोला. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तिच्या मेसची डाळ कशी असते? मीठ बराबर असतं काय?"

मला राग आला. मी म्हटलं, अब्बा, पोरगी तिकडे रडतेय आणि तुम्ही डाळीचं काय घेऊन बसलात? ते म्हणाले, "विचार तरी." मागून त्यांना कुणीतरी हाक मारली. "चल, ठेवतो," म्हणाले. बस. हेच शेवटचं.

मी तुला विचारलं नाही. तुला भिंतीवर लावायला वाक्य हवं होतं आणि हे लावण्यासारखं वाटलं नाही. सकाळी ते गेले. मग माझ्याकडे तुला द्यायला फक्त डाळ होती, आणि मी दुसरं रचलं. एकदा रचलं, तुला ते इतकं आवडलं, मग थांबता आलं नाही. खरं म्हणजे मलाही तो माणूस हवा होता. मीही त्यांच्याकडून कधी काही ऐकलं नव्हतं.

तुझा तो मजकूर मी मोठ्याने वाचला. अम्मी ऐकत होती. दुसरं कुणी नव्हतं.

तुला विचारायला हवं होतं. मी गोष्टीतल्या मुलीला विचारलं, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. तू काय म्हणशील याची मला भीती वाटत होती. तू आलीही असतीस आणि परतही गेली असतीस, कोण जाणे. ते ठरवायचं काम तुझं होतं, मी घेतलं. यावर मला काही म्हणायचं नाही.

नशरा

&nbsp;

पनवेल, आतली खोली, १० मे

आपा,

कमी असतं. डाळ पातळ, आणि मीठ नुसतं नावाला. बाकीच्या मुली घरून पुडी आणायच्या आणि ताटात वरून घालायच्या. मी नाही आणली. मला वाटलं, विचारणार कोण.

भाजी बरी असते. भात चांगला असतो. बुधवारी अंडं देतात, ते मी ठेवून द्यायचे आणि संध्याकाळी खायचे. मी जेवत होते, अब्बा.

हादिया